दुपारची टकटक

१

कात्रीला लॅपटॉप सुरू करायचा असला की आधी त्याला एक शिवी हासडावी लागे. शिवीशिवाय तो जागाच होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. झाकण अर्धंच उघडायचं. तळहात टेकतो तिथे, डाव्या कोपऱ्यात, अंगठा असा रुतवायचा की नख पांढरं पडलं पाहिजे. मग दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, आणि आतल्या पंख्याची घरघर सुरू झाली की अंगठा हळूहळू उचलायचा. झटक्यात उचलला की गेलं. स्क्रीन काळी, पंखा गप्प, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लॅपटॉप होता पोरीचा, कॉलेजातला. पोरीला कामावरून नवा मिळाला आणि हा आईच्या गळ्यात पडला. अर्धी बटणं रुसलेली. काही दाबून दाबून उठत नसत, काही एकदा दाबली की तोच तोच शब्द ओकत बसत. पण कात्रीचं भागत होतं. आठवडाभर ती कारखान्यात सोफ्यांच्या आणि गाद्यांच्या खोळी शिवायची, आणि सुट्टीच्या दिवशी घरची कामं घ्यायची. लोक आपापल्या सोफ्याचे फोटो पाठवत, ती मापं लिहून परत पाठवायची. चार यत्ता शिकलेली बाई, तेवढं जमवलं होतं.

तिचं खरं नाव आता कागदावरच उरलं होतं. हातात कात्री म्हणून म्हणा नाहीतर तोंडात कात्री म्हणून म्हणा, सगळे तिला कात्रीच म्हणत. उजव्या हाताचं पहिलं बोट एकदा मशीनच्या सुईखाली आलं होतं, तेव्हापासून ते वाकत नसे. बाकीची बोटं मिटली तरी ते आपलं ताठ, कुणाला तरी दटावत असल्यासारखं. त्यामुळे लॅपटॉपवर ती मधल्या बोटाने टिपायची, कोंबडी दाणे टिपते तशी.

घरात तिघं. ती, पोरगी आणि नवरा. पोरगी घरातूनच फोनवर कुणाकुणाच्या तक्रारी ऐकायचं काम करायची. नवरा बस चालवायचा. काचबिंदूने डोळे नेले आणि तो आतल्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसला, तो बसलाच. लॅपटॉप या दोघांपैकी कुणालाही सुरू करता येत नसे. पोरीने कितीदा अंगठा रुतवून पाहिला. "आई, हा तुझंच ऐकतो," ती म्हणायची, आणि कात्रीला त्यात उगाच बरं वाटायचं.

एका संध्याकाळी कामावरून येऊन तिने फळीवरून लॅपटॉप उचलला, आणि तिचे हात तिथल्या तिथे थांबले.

तो खालून गरम होता. नुकतंच निजलेलं मूल उचलावं, तसा.

२

"म्हातारा झालाय मावशी," दुरुस्तीवाला म्हणाला. दुकान कसलं, जिन्याखालचं बीळ. त्यात एक दिवा, एक टेबल आणि पोटं फाडलेली यंत्रं.

"मावशी कुणाला म्हणतोस? डोक्यावर केस तुझ्याही नाहीत."

"बरं, ताई. म्हातारा झालाय तो. बटणांची पाटी पार कामातून गेली, ती बदलून देतो. चालू व्हायचा त्रास मात्र राहणार. आतली जोडणी सैल आहे. बोर्डच बदलायचा तर नवा घेतलेला परवडला."

"आणि गरम का होतो?"

"वापरलं की होणारच."

"न वापरता होतो."

त्याने मान वर केली. "न वापरता कसा होईल? तवा काय आपोआप तापतो?"

जुनी पाटी काढून त्याने दिव्याखाली धरली. मधल्या ओळीतली बटणं कशी गुळगुळीत झाली होती. जिन्याच्या कठड्याला हात लागून लागून चकाकी येते, तशी. "बघा, किती बडवलाय. तुम्ही लिहिता काय एवढं? गोष्टीबिष्टी?"

"मापं लिहिते. तीही सुट्टीच्या दिवशी."

"मग घरात दुसरं कुणी असेल."

"माझ्याशिवाय कुणाला सुरूच होत नाही तो."

"मग तुम्हीच," म्हणून तो हसला आणि नवी पाटी बसवायला लागला. कात्रीनेही हसून घेतलं. दुसरं करणार काय? पण परतताना पिशवी छातीशी धरून चालताना तिला ती चकाकीच दिसत राहिली. तिच्या मधल्या बोटाने ती पडली नव्हती. एका बोटाने ओळीच्या ओळी गुळगुळीत होत नाहीत.

३

"माझ्या लॅपटॉपला हात कोण लावतं?" पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं.

"मला विचारतेस?" आतून नवरा म्हणाला. "आंधळ्याला आरसा कशाला?"

"तुम्हाला नाही, हिला विचारतेय."

पोरीने कानातला फोन बाजूला केला. "आई, मला कुठे सुरू होतो तो? तूच सगळ्यांना सांगत फिरतेस ना?"

खरंच होतं ते. कात्रीने फळी पाहिली. वाटलं, ऊन येत असेल. पण फळीसमोरची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडायची. त्या भिंतीने आजवर कुणाला ऊन दिलं नव्हतं. बरं, बॅटरी तापत असेल. जुनी बॅटरी अशीच पडल्या पडल्या तापते, तिने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला सांगायला लागलं की काय वाट्टेल ते पटतं.

जेवणं झाली. नवरा हात धुऊन भिंतीच्या आधाराने खुर्चीत बसला आणि अगदी सहज म्हणाला, "आज घाटातल्या त्या मोठ्या वळणापर्यंत आलो आपण. उद्या त्या गरोदर बाईचं घेऊ. बसमध्ये कळा सुरू झालेली."

"कुठे आलो?" कात्रीने विचारलं.

डोळे गेलेल्या माणसाचा चेहरा लपवायला शिकलेला नसतो. त्याच्यावर चूक उमटते ती उमटतेच.

"बाबा, गोळी घेतलीत का?" पोरीने मध्येच तोंड घातलं.

"घेतो, घेतो."

"मी काय विचारलं?"

"अगं, मनातलं बोलत होतो." त्याने चादर गुडघ्यांवर ओढली. "मनात चालवतो बस. तेवढं तरी करू दे."

एकदा तो तिच्या मागे लागला होता. मी सांगतो, तू लिही. एवढे रस्ते पालथे घातले, एवढी माणसं नेली-आणली, डोक्यातून पुसून जायच्या आत कुठेतरी उतरू दे. कात्रीने एक संध्याकाळ काढली. एक वाक्य टिपेपर्यंत त्याची पाच बोलून व्हायची. "अहो, रस्ते काय पळून चाललेत?" म्हणून तिने झाकण आपटलं होतं. दिवसभर खोळी शिवून आलेल्या बाईने आणखी काय काय शिवायचं? त्यानंतर तो पुन्हा कधी मागे लागला नाही. तिला वाटलं, विसरला.

४

एरवीच्या बाईला संशय आला तर ती कुलूप लावते. शिवणारणीला आला तर ती टाका घालते.

कात्रीने लॅपटॉपला कारखान्यातल्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली, त्याला आत सरकवलं आणि सकाळी निघताना खोळीचं तोंड हातशिलाईने बंद करून टाकलं. हिरवा दोरा. शेवटची गाठ तिची अशी की दोरा स्वतःच्याच फासातून दोनदा काढायचा आणि शेपूट आत दडवायचं. कारखान्यात ती गाठ दुसऱ्या कुणाला येत नसे. कितीजणींनी मागितली, तिने दिली नव्हती. आणि टाके तर अंगठ्याच्या ठशासारखे. बोट ताठरल्यापासून तिचा प्रत्येक टाका उजवीकडे कलायचा, एकजात सगळे, वाऱ्याने झुकवलेल्या गवतासारखे. आता कुणी उसवून काढलं आणि परत शिवलं, तर ते बोंबलून सांगेल.

संध्याकाळी आली. पोरगी फोनवर कुणाची तरी समजूत घालत होती. नवरा डुलक्या घेत होता. खोळ फळीवर होती तशीच होती. तोंड बंद. हिरवा दोरा, शेवटची गाठ, शेपूट आत. कात्रीच्या जिवात जीव आला. उगाच घरच्यांवर जीभ चालवली, असंही वाटून गेलं.

मग तिने खोळीवर हात ठेवला. कापडातून ऊब आली.

ती दिव्याखाली गेली. चष्मा लावला. टाका न टाका पाहिला.

सगळे सरळ उभे होते. एकही कललेला नव्हता. एकसारखे, नीटस, जवळजवळ, बघत राहावेसे. असे टाके तिला ओळखीचे होते. असे टाके ती स्वतः घालायची, सुईखाली बोट जायच्या आधी.

हात तिचाच होता. ताठ बोट तेवढं नव्हतं.

५

"परवा दुपारी मी कुठे होते गं?" तिने कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या बाईला विचारलं.

"इथेच. आमचं डोकं खात होतीस."

"आणि काल?"

"कालही खात होतीस. का? आज कमी पडलं का?"

माणसं झोपेत चालतात, हे कात्रीने ऐकलं होतं. पण झोपेत दोन गाड्या बदलून घरी जायचं, नवऱ्याची बस घाटात चढवायची, खोळ शिवायची आणि परत येऊन शेजारणीचं डोकं खायचं, एवढी झेप कुणाच्या झोपेची नसते. मग वाटलं, पोरीचं कुणी येत असेल. मैत्रीण असेल, नाहीतर मित्र. आंधळ्या बापाच्या नाकासमोर. हे तिला बरं वाटलं. या गोष्टीचा तिला राग आला असता, आणि राग तिला झेपत होता. पण मैत्रिणीला ती गाठ कुठून आली?

तिने घरी कुणाला विचारलं नाही. कात्री गप्प आहे म्हटल्यावर घराने घाबरायला हवं होतं. उलट घर सैलावलं. त्या संध्याकाळी नवरा अंगठ्याने खुर्चीच्या हातावर ताल धरत होता. पोरीने आपणहून भांडी घासली होती. ओट्यावर कप पालथे घातलेले होते.

कात्रीने ते पाहिले. पाणी पिऊन परत आली, पुन्हा पाहिले. दुपारी घरात दोन माणसं. कप तीन.

लॅपटॉप उघडून तिने नवी बटणांची पाटी पाहिली. मधल्या ओळीवरची अक्षरं पुसट व्हायला लागली होती.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मालकिणीकडे गेली. म्हणाली, दाढ दुखतेय, घरी जाते.

"तुझी दाढ?" मालकीण म्हणाली. "तुझ्या दाढेखाली येतो ते आम्ही दुखतो. जा."

भरदुपारी आपल्याच गल्लीत ती कित्येक वर्षांत आली नव्हती. गल्ली परकी वाटली. खिडक्या लावलेल्या, कुत्री सावलीला, कुठल्यातरी घरात भांडं पडल्याचा आवाज आणि मग काहीच नाही. जिना चढताना तिला आपण चोरासारखे पाय टाकतोय हे जाणवलं आणि त्याचाच संताप आला. तिने तिच्या किल्लीने दार उघडलं.

आतल्या खोलीतून टकटक येत होती.

कोंबडीची नव्हे. मशीनवर सरळ शिवण धावते तशी, न अडखळता, सगळ्या बोटांची. टकटकीच्या वर नवऱ्याचा आवाज. "...तर मी म्हटलं, बाई, पुढचं गाव येईपर्यंत धीर धर. ती म्हणते, धीर मी धरेन हो, हा धरेल का?" आणि तो हसला. पोट धरून, खोकला येईपर्यंत. हे हसू कात्रीने शेवटचं कधी ऐकलं होतं, तिला आठवेना. टकटक थांबली. तो पुरता हसून होईपर्यंत ती थांबून राहिली. मग पुन्हा सुरू झाली.

पोरगी स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये तीन कप. आईला पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. दचकली नाही. हेच कात्रीला लागलं. ती दचकायला हवी होती.

"लवकर आलीस," पोरगी म्हणाली.

"आत कोण आहे?"

"हळू बोल ना."

"माझ्या घरात मी हळू बोलू? आत कोण आहे, बये?"

पोरीने ट्रेकडे पाहिलं. "पहिल्यांदा आली ना, तेव्हा मला वाटलं तूच आहेस. कामावरून लवकर आलीस. बाबांजवळ बसलीस. तुझंच सगळं, आवाजसुद्धा."

"आणि मग?"

"मग संध्याकाळी तू आलीस."

कात्रीने भिंतीला हात लावला. भिंत जागेवर होती.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होते."

"कधी?"

"आई, बाबा हसतात गं." पोरीचे डोळे भरले होते, पण ती वाटेतून हलली नव्हती. "ती ऐकून घेते. त्यांचं घेते, माझं घेते. मी दिवसभर लोकांच्या शिव्या खाते फोनवर, ती विचारते, आज काय काय झालं. तू विचारलंस कधी?"

"मी मर मर मरते तुमच्यासाठी."

"माहीत आहे. रोज सांगतेस."

"त्यांना कळलंय? तुझ्या बापाला?"

पोरीने आतल्या दाराकडे पाहिलं. त्यातच सगळं आलं. ज्या माणसाला डोळे असताना रात्रीच्या रस्त्यावरचा खड्डा कळायचा, त्याला बायकोचा हात कळत नसेल?

"मला का नाही सांगितलंत?" कात्री पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"तू तिला हाकललं असतंस," पोरगी म्हणाली.

७

कात्रीने पोरीला बाजूला सारलं. कप कलंडले, ट्रेभर चहा झाला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कात्रीने ते ढकललं.

नवरा खुर्चीत, तोंड खिडकीकडे. त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून, दाराकडे पाठ करून, ती बसली होती. अंगावर आकाशी फुलांचं कापड. आपलं ते जुनं कापड कात्रीने स्वतःच्या हाताने फाडून कुठल्याशा खोळीच्या अस्तराला लावलं होतं, त्यालाही जमाना झाला. केसांचा अंबाडा तिचा. मान तिची; मानेवरचा तीळ, जो तिने स्वतः कधी पाहिला नव्हता, लग्नानंतर नवऱ्याने सांगितला होता, तो तिथे होता. आणि हात बटणांवर चालले होते. उजव्या हाताचं पहिलं बोट सगळ्यांबरोबर वाकत होतं, उठत होतं, पुन्हा वाकत होतं.

तोंडात येतील तेवढ्या शिव्या कात्रीने गोळा केल्या. आली मात्र एकच हाक. तीस वर्षं रोज मारलेली.

"अहो!"

नवऱ्याने चेहरा वळवला. शेजारी बसलेलीकडे. हसऱ्या चेहऱ्याने, जवळच्या माणसाकडे वळवतात तसा. "काय गं?"

तेवढ्यात लॅपटॉपने मान टाकली. पंखा बसला, स्क्रीन विझली. बसलेली वळली नाही. हात बटणांवरच ठेवून ती त्या काळ्या काचेत पाहत राहिली, आणि कात्रीलाही ती काच दिसली. खोली स्वच्छ उमटली होती तिच्यात. नवऱ्याचा खांदा. मधोमध बसलेलीचा चेहरा, कात्रीचाच, पण कुणीतरी रोज निवांत झोपू दिलेला. तिच्या मागे दार. दार सताड उघडं. दाराशी ट्रे घेऊन पोरगी.

आणि पोरीच्या पुढ्यात, जिथे कात्री उभी होती, तिथे नुसता मागच्या भिंतीचा रंग.

कात्रीने हात वर केला. काचेत काही हललं नाही.

काचेतल्या चेहऱ्याने नजर किंचित उचलली. त्यात वैर नव्हतं. कारखान्यात सुट्टी झाल्यावरही कुणी मशीन अडवून बसलं, की पुढच्या पाळीतली बाई जशी थांबते, तशी ती थांबली होती.

"दार वाजलं का?" नवऱ्याने विचारलं. कान दाराकडे लावून, मान जरा वाकडी करून. त्याचा हात पुढे सरकला, आकाशी बाहीवर जाऊन बसला आणि तिथेच राहिला. "पोरी, कोण आलंय गं?"

कात्रीने मागे वळून पोरीकडे पाहिलं. पोरगी तिच्याकडेच पाहत होती, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. लहानपणी खोटं बोलताना तिची नजर खाली जायची. आता गेली नाही.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली.